वरचा बाण

भाचीच्या वहीत एक आकृती होती. मधोमध एक गोल, म्हणजे चेंडू. खाली एक हात, बोटं पाच की सहा ते सांगता येऊ नये असा. आणि चेंडूतून निघालेले दोन बाण. प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या तोच आहे: चेंडू सरळ वर फेकला, तो वर जात असताना अर्ध्या वाटेवर त्याच्यावर कोणकोणती बलं काम करतात ते दाखवा, हवेचा विरोध धरू नका. तिने खालच्या दिशेचा बाण काढून त्याच्यापाशी ‘गुरुत्व’ लिहिलं होतं, आणि वरच्या दिशेचा, चांगला दीडपट लांब बाण काढून त्याच्यापाशी ‘हाताचं बल’. वरच्या बाणावर लाल शाईची फुली. शेजारी एक अक्षर नाही. फुली इतकी दाबून मारलेली, की पान उलटलं तरी तिचा वळ बोटाला लागत होता.

“मावशी, हा बाण चूक कसा?”

“अगं, चेंडू हातातून सुटला ना? मग हाताचं बल त्याच्यावर कुठून येणार?”

“मग तो वर जातो कशाला?”

उत्तर मला येत होतं आणि मी ते दिलंही. जडत्व, न्यूटनचा पहिला नियम, गती टिकवायला बल लागत नाही, बदलायला लागतं. तिने मान डोलावली. मोठ्यांचं बोलणं लवकर आटोपावं म्हणून मुलं डोलावतात, तशी. मग स्वतःचं म्हणणं तिने पुन्हा एकदा मांडून दाखवलं, बहुतेक मला नीट कळलं नसावं अशा समजुतीने. सुरुवातीला वरचा बाण मोठा असतो, म्हणून चेंडू वर जातो. जाता जाता तो बाण आखडत जातो. टोकाला दोन्ही बाण सारखे होतात, म्हणून चेंडू क्षणभर थांबतो. मग खालचा मोठा ठरतो आणि चेंडू खाली येतो. यात कुठे फट आहे? चुकीची उत्तरं सहसा कुठेतरी लंगडतात. हे लंगडत नव्हतं. वर जाणं, मंदावणं, थांबणं, परतणं, सगळ्याचा हिशोब त्यात होता. खरं सांगायचं तर माझ्या उत्तरापेक्षा ते ऐकायला जास्त समाधानकारक होतं, आणि तेच मला पुढे कितीतरी दिवस टोचत राहिलं.

नंतर वाचताना लक्षात आलं, की त्या उत्तराचं घराणं फार जुनं आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात हिपार्कस नावाचा ग्रीक खगोलज्ञ होऊन गेला. त्याचा मूळ ग्रंथ उरलेला नाही, पण नंतरच्या एका भाष्यकाराने त्याचं मत नोंदवून ठेवलंय. वर फेकलेल्या वस्तूत फेकणाऱ्याचं बल शिल्लक असतं, ते जोवर वजनापेक्षा जास्त तोवर ती वर जाते, ते क्षीण होत गेलं की मंदावते, आणि वजन वरचढ झालं की पडू लागते. भाचीच्या वहीतलं उत्तर जवळपास शब्दशः. आपल्याकडे वैशेषिक सूत्रांत कणादांनी बाणाचं उदाहरण घेतलंय. बाणाची पहिली हालचाल धनुष्याच्या रेट्याने होते, त्या हालचालीतून बाणात संस्कार उत्पन्न होतो, पुढची हालचाल त्या संस्काराने, त्याच्या पुढचीही तशीच. आणि संस्कार उरला नाही की गुरुत्वामुळे पतन. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा फिलोपोनस, मग इब्न सिना, मग चौदाव्या शतकात पॅरिसचा ब्युरिदाँ, प्रत्येकाची मांडणी वेगळी, बारकावे वेगळे, पण गाभा असा की फेकणारा फेकलेल्या वस्तूला काहीतरी देतो आणि ती वस्तू ते घेऊन पुढे जाते. चुलीवरून उतरवलेलं भांडं काही वेळ उष्णता धरून ठेवतं आणि हळूहळू निवतं, तसं. ब्युरिदाँ तर म्हणत होता की ते देणं आपणहून संपत नाही, हवा आणि वजन त्याला संपवतात. इथून जडत्व फार लांब नाही. पण मधला उंबरठा ओलांडायला आणखी तीनेकशे वर्षं लागली.

दोन हजार वर्षं ज्यांनी या प्रश्नावर डोकं चालवलं त्यांच्या रांगेत आपली भाची उभी आहे हे कळल्यावर मला त्या लाल फुलीचा जरा रागच आला. फुली बरोबर होती. पण तिच्याशेजारी एखादी ओळ हवी होती.

यात वयाचाही प्रश्न नाही. जॉन क्लेमंट या अमेरिकी संशोधकाने १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना वर उडवलेल्या नाण्याचा हाच प्रश्न घातला होता. बहुतेकांनी वरचा बाण काढला. म्हणजे नियम पाठ असणं आणि तो पटणं यांच्यामधलं अंतर इयत्ता वाढल्याने आपोआप कमी होत नाही. मला स्वतःला विचाराल तर वर जाणाऱ्या चेंडूकडे नुसतं पाहताना अजूनही त्यात काहीतरी जोर भरलेला आहे असंच दिसतं. बरोबर उत्तर मी लिहीन, पण ते दिसत नाही, आठवावं लागतं.

हा गैरसमज येतो कुठून? मला वाटतं, जड वस्तू सरकवण्यातून. कपाट ढकललं की सरकतं, ढकलणं थांबवलं की थांबतं. टेबल ओढा, तेच. चालताना पाय थांबले की आपणही थांबतो. जन्मल्यापासून हाताला हाच अनुभव येतो, आणि हात त्यातून स्वतःचा नियम बांधतो: जोर आहे तोवर गती आहे. कपाट थांबतं ते जोर संपला म्हणून नव्हे, फरशी त्याला उलट दिशेने धरून ठेवते म्हणून, ही गोष्ट हाताला कळायला मार्ग नाही. घर्षण दिसत नाही, त्याचा आवाज तेवढा येतो, फरशीवर लाकूड घासल्याचा, दात आंबवणारा. आपण तो आवाज कपाटाच्या खाती टाकतो.

पण एक गंमत पाहा. चेंडू खरोखर हातात घेऊन वर टाकला, आणि डोळे मिटून फक्त तळव्याकडे लक्ष दिलं, तर तळवा अगदी वेगळी साक्ष देतो. चेंडू नुसता धरलेला असताना त्याचं वजन तळव्यावर असतं. हात वर उसळतो तेव्हा चेंडू क्षणभर जड होतो, तळव्यात रुततो. आणि मग एका ठरावीक क्षणी तळवा मोकळा होतो, गारवा लागतो. बलाचा शेवट इतका स्पष्ट कळतो, की त्यावर वाद घालायला जागाच नाही. हाताने जे द्यायचं ते त्या क्षणापर्यंत देऊन झालेलं असतं. डोळे उघडले की मात्र चेंडू वर चाललेला दिसतो, आणि आपण तळव्याचं ऐकायचं सोडून डोळ्यांवर विश्वास ठेवतो.

या शरीराला सगळंच चुकीचं कळतं असं नाही. फिरवण्याच्या बाबतीत ते फार हुशार आहे. दार उघडताना कुणी बिजागरीजवळ हात लावत नाही. चालायला नुकतंच शिकलेलं मूलसुद्धा दोनचारदा चुकीच्या जागी ढकलून पाहतं आणि मग कडेला जातं. ८० सेंटीमीटर रुंदीचं दार कडेला जेवढ्या जोराने फिरतं, त्याच्या आठपट जोर बिजागरीपासून १० सेंटीमीटरवर लावावा लागतो. बल गुणिले आसापासूनचं लंब अंतर. पुस्तकात त्याला बलाचं आघूर्ण म्हणतात. न सुटणाऱ्या नटाला लांब दांड्याचा पाना लावायचा, तो पुरला नाही तर दांड्यावर पाइप चढवायचा, हे कारागिराला सूत्रावाचून येतं. दांडा टोकाशीच धरायचा, आणि त्याच्याशी काटकोनात ओढायचं. दांड्याच्या रेषेत कितीही ओढा, नट ढिम्म हलत नाही, कारण मग लंब अंतर शून्य. हेही हाताला ठाऊक असतं. या विषयात भाचीला पैकीच्या पैकी गुण आहेत आणि तिला त्याचं काहीही वाटत नाही, कारण तिला त्यात शिकण्यासारखं काही होतं असंच वाटत नाही.

आर्किमिडीजच्या नावावर जे वाक्य सांगतात, उभं राहायला जागा द्या, पृथ्वी हलवून दाखवतो, ते ऐकायला मोठं रुबाबदार आहे. पण त्यातला हिशोब कुणी सांगत नाही. पृथ्वीचं वस्तुमान ६ च्या पुढे २४ शून्यं इतके किलो. समजा, तेवढं ओझं तरफेच्या एका टोकाला टांगलं आणि दुसऱ्या टोकाला ६० किलोचा माणूस लोंबकळला. दोन्ही बाजू तोलायच्या तर माणसाकडची भुजा १ च्या पुढे २३ शून्यं इतके पट लांब हवी. ओझं एक मिलिमीटर उचलायचं तर माणसाला आपलं टोक जेवढं खाली न्यावं लागेल, ते अंतर कापायला प्रकाशालाही दहा हजार वर्षं लागतील. तरफ फुकट काही देत नाही. जोर वाचवते, त्याच्या बदल्यात अंतर मागते.

आणि आपल्या कोपरात नेमका याच्या उलट सौदा आहे.

शाळेत तरफांचे तीन प्रकार असतात, आणि तिसऱ्या प्रकाराला चिमट्याचं उदाहरण देऊन कसंबसं उरकतात, कारण त्यात जोराचा तोटाच होतो. तो तोटा आपण अंगावर वागवतो. दंडाचा बायसेप्स स्नायू कोपरापासून साधारण ४ सेंटीमीटरवर हाडाला जोडलेला असतो, आणि हातातलं ओझं कोपरापासून ३०-३५ सेंटीमीटरवर. म्हणजे ५ किलोची वस्तू कोपर काटकोनात ठेवून धरली, तर स्नायूला त्या वजनाच्या सुमारे आठपट ताण सोसावा लागतो, हाताचं स्वतःचं वजन वेगळंच. उचलण्यासाठी इतकी वाईट रचना एखाद्या अभियंत्याने काढली असती तर नापास झाला असता. पण स्नायू एक सेंटीमीटर आखडला की तळहात आठ सेंटीमीटर सरकतो, तेवढ्याच वेळात. जोर आठपट गमावला, वेग आठपट मिळवला. आपला हात उचलायच्या कामात उणाच आहे. त्याचं खरं कसब फेकण्यात दिसतं. नीट फेकताना तर एकट्या कोपराचं काम नसतंच. पाय, कंबर, खांदा, कोपर, मनगट, अशी ओळीने एकेक बिजागरी उलगडत जाते आणि प्रत्येक जण पुढच्याला आणखी वेग देतो. खांद्याचं काम त्यात सर्वांत भारी. हात मागे नेताना तिथले स्नायुबंध ताणले जातात आणि फेकताना ती साठलेली ताकद एकदम सुटते. चिंपांझी माणसापेक्षा ताकदवान असूनही त्याला हे जमत नाही.

मला हे कळलं तेव्हा, का कोण जाणे, फार बरं वाटलं. लहानपणापासून जड पिशव्या उचलताना जो हात मला कुचकामी वाटत आला, तो मुळात त्या कामासाठी नव्हताच.

फेकताना सुटण्याचा क्षण मात्र अतिशय अरुंद. हात गोलाकार फिरत असतो, आणि चेंडू ज्या क्षणी सुटतो त्या क्षणी हात ज्या दिशेला चाललेला असेल ती सरळ दिशा चेंडूला मिळते. वर्तुळाची स्पर्शिका. काही हजारांश सेकंद आधी सुटला तर आभाळात, नंतर सुटला तर पायाशी. गोफण फिरवणाऱ्याला हे रोज नव्याने कळत असणार. एकदा सुटल्यावर हाताच्या वळणाचा चेंडूवर काही हक्क उरत नाही, तो वळत वळत जात नाही.

मग तो जातो कसा? सोळाव्या शतकात तोफा होत्या, तोफा डागणारे होते, आणि तरीही गोळ्याची वाट कशी असते याचं उत्तर धड नव्हतं. इटलीच्या तार्तालियाने १५३७ साली छापलेल्या ग्रंथात ती वाट तीन तुकड्यांत काढली आहे: आधी तिरकी सरळ रेघ, मग वर्तुळाचा तुकडा, मग सरळ खाली उभी रेघ. पहिल्या तुकड्यात तोफेचं राज्य, शेवटच्यात वजनाचं, मधे संक्रमण. वहीतलं उत्तर पुन्हा तेच, फक्त कंपासपेटी घेऊन काढलेलं. पण तार्तालिया लबाड नव्हता. त्याच ग्रंथात त्याने ४५ अंशांत गोळा सर्वांत लांब जातो हे सांगून ठेवलंय, आणि १५४६ मधल्या पुढच्या ग्रंथात कबूल केलंय की त्या वाटेचा कुठलाच भाग पूर्ण सरळ नसतो. डोळ्यांना ती रेघ सरळ दिसत असेल, तरी वजन क्षणभरही रजेवर जात नाही हे त्याला उमगलं होतं. तिथून पुढचं पाऊल त्याला टाकता आलं नाही.

ते गॅलिलिओने टाकलं. १६०८ च्या सुमाराचे त्याचे हस्तलिखित कागद आहेत. उतारावरून गोळी सोडायची, ती टेबलाच्या कडेवरून आडवी सुटणार, आणि जमिनीवर कुठे पडते ते मोजायचं. आकडे, रेघा, पुन्हा आकडे. ग्रंथ छापून आला १६३८ मध्ये, लायडनला, तेव्हा तो नजरकैदेत होता आणि त्याची दृष्टी गेलेली होती. त्यात त्याने मांडलं ते असं: आडवी गती आणि उभी गती एकमेकींच्या कामात ढवळाढवळ करत नाहीत. आडवी तशीच चालू राहते, उभी गुरुत्वाने बदलत जाते, आणि दोन्ही मिळून जी वाट होते ती अन्वस्त, पॅराबोला. हे पडताळून पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. टेबलाच्या कडेवर दोन नाणी ठेवायची, पट्टीच्या एकाच फटक्यात एक दूर उडेल आणि दुसरं जागच्या जागी खाली घसरेल असं करायचं, आणि कान द्यायचा. ७५ सेंटीमीटर उंचीवरून पडायला ०.३९ सेकंद. लांब उडालेल्यालाही तेवढेच. फरशीवर ‘टण्‌’ असा एकच आवाज येतो. तो एकदा ऐकला की पानभर स्पष्टीकरणाचं काम होतं. आडव्या उडालेल्या नाण्याला ‘आत’ काही जोर असता आणि त्याने वजनाला थोडं जरी थोपवून धरलं असतं, तर त्याला उशीर व्हायला हवा होता.

या वाटेत आणखी एक सुरेख गोष्ट दडलेली आहे. सेकंदाला २० मीटर वेगाने चेंडू ३० अंशांत फेका किंवा ६० अंशांत, हवा नसेल तर तो एकाच जागी पडतो, सुमारे ३५ मीटरवर. एक ५ मीटर उंच जाऊन दोन सेकंदांत पोचतो, दुसरा १५ मीटर उंच भटकून साडेतीन सेकंदांत. ४५ अंशांच्या दोन्ही बाजूंना अशा जोड्या लागत जातात. खऱ्या जगात यात हवा खोडा घालते. बंदुकीच्या गोळीला हवेचा विरोध किती होतो हे बेंजामिन रॉबिन्सने १७४२ साली लंबकावर गोळ्या झाडून मोजलं, तेव्हा तो विरोध गोळीच्या वजनाच्या कितीतरी पट निघाला, आणि तोवरचे शुद्ध पॅराबोले कागदावरच राहिले. शिवाय ४५ हा आकडा माणसाच्या शरीराला मानवतच नाही. गोळाफेक करणारे ३५ ते ४० अंशांच्या आसपास गोळा सोडतात, कारण गोळा जमिनीपासून दोन मीटरवरून सुटतो आणि खांदा जितका वर ढकलायला जाईल तितका वेग कमी मिळतो. पुन्हा सांधे मधे आले.

भालाफेकीत तर फिरवणं आणि फेकणं दोन्ही एकत्र येतात. १९८४ साली उवे होन या पूर्व जर्मन खेळाडूचा भाला १०४.८० मीटर गेला. मैदानं पुरेनात अशी वेळ आली, आणि भाले सपाट पडत असल्याने टोक आधी टेकलं की नाही यावर वाद होतच होते. यावर उपाय म्हणून १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य ४ सेंटीमीटर पुढे सरकवला. बस, एवढंच. हवेचा दाब भाल्यावर ज्या बिंदूतून काम करतो तो आता गुरुत्वमध्याच्या पुरेसा मागे पडला, त्या अंतरामुळे भाल्याला नाक खाली वळवणारं आघूर्ण मिळालं, आणि भाला लवकर टोकावर उतरू लागला. चार बोटांच्या आतल्या अंतराने जागतिक विक्रमांची यादी नव्याने सुरू करावी लागली. दारावर ज्या नियमाने हात कडेला जातो, तोच नियम.

मी भाचीला पुढे जे सांगितलं ते यातलं काहीच नव्हतं. बोलण्याच्या ओघात ते कुठून सुचलं ते ठाऊक नाही. मी म्हटलं, “समज, गुरुत्व नाहीच. सेकंदाला १० मीटर वेगाने वर फेकलेला चेंडू एका सेकंदाने कुठे असेल?” ती म्हणाली, “१० मीटरवर.” प्रत्यक्षात कुठे असतो? ५.१ मीटरवर. उरलेले ४.९ मीटर कुठे गेले? वरून सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात जितकी पडते बरोब्बर तितकेच आहेत ते. म्हणजे या क्षणी जवळजवळ शिखरावर आलेला चेंडू ४.९ मीटर पडून तिथे पोचलेला असतो. हातातून सुटल्या क्षणापासून तो पडतोच आहे. वर जाताना, वळताना, खाली येताना, एकाच त्वरणाने, न थांबता. तिरका फेकला तरी तसंच. तो ज्या सरळ रेषेत गेला असता त्या रेषेखाली पहिल्या सेकंदाला ४.९ मीटर, दुसऱ्याच्या अखेरीला १९.६ मीटर. वाकलेली वाट म्हणजे सरळ रेषेपासून पडत गेल्याची नोंद.

ती गप्प झाली. मग म्हणाली, “म्हणजे वर जाताना पडतो?” हे तिने इतक्या तिरस्काराने म्हटलं की मला हसू आलं. पण यावेळी तिने मान डोलावली नाही, आणि ते मला जास्त आवडलं. न्यूटनच्या डोक्यात हाच विचार पुढे गेला होता: उंच डोंगरावरून गोळा आणखी आणखी वेगाने आडवा फेकत राहा, एका वेगाला तो पडत राहील पण पृथ्वीही त्याच्याखालून तितकीच वळत जाईल. आज सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून अंतराळस्थानक सेकंदाला ७.७ किलोमीटर वेगाने असंच पडत असतं. तिथे गुरुत्व जमिनीवरच्या नव्वद टक्के आहे. आतली माणसं तरंगतात ती गुरुत्व नाही म्हणून नव्हे, सगळेच एकत्र पडताहेत म्हणून.

मजा म्हणजे हीच भाची चेंडू झेलायला लागली की तिच्यासारखं कुणी नाही. उंच उडालेल्या चेंडूखाली ती अशी धावते, की जणू तो कुठे पडणार ते कुणी कानात सांगून ठेवलंय. सेव्हिल चॅपमन नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने १९६८ साली यामागची युक्ती सुचवली होती. चेंडूकडे पाहताना नजर जितक्या कोनात वर उचलावी लागते त्या कोनाचं टॅन, म्हणजे चेंडूची उंची भागिले त्याचं आपल्यापासूनचं आडवं अंतर, एकसारख्या दराने वाढत असेल, तर तुम्ही योग्य जागी आहात. चढण्याचा वेग वाढतोय असं दिसलं तर मागे पळा, मंदावतोय असं दिसलं तर पुढे. हे गणित पॅराबोलाचंच आहे आणि त्यात हवेचा विरोध धरलेला नाही. नंतरच्या संशोधकांनी त्यात दुरुस्त्या आणि पर्याय सुचवले. पण पायांना सूत्र न सांगता बरंच काही ठाऊक असतं एवढं त्यातून नक्की कळतं. एकाच मुलीच्या पायांना गॅलिलिओ कळलेला, हाताला आर्किमिडीज, आणि पेन्सिल हातात घेतली की हिपार्कस. या तिघांची आपसात ओळख करून द्यायचं काम शाळेचं असावं. ते फुलीने होत नाही.

एक साक्षीदार मात्र असा आहे, ज्याला डोळेही नाहीत आणि समजुतीही नाहीत. हल्लीच्या फोनमध्ये त्वरण मोजणारा बारीकसा संवेदक असतो, आणि त्याचा आलेख दाखवणारी अ‍ॅप मिळतात. फोन टेबलावर ठेवला तर आलेखाची रेघ ९.८ वर स्थिर राहते, कारण टेबल त्याला खालून ढकलून धरतं. गादीच्या वर हातभर उंच उडवला की रेघेला आधी उंचवटा येतो; तो हाताचा. सुटल्या क्षणी रेघ धाडकन शून्याजवळ येते आणि झेलेपर्यंत तिथेच, सपाट. मी त्या सपाट भागात शिखर शोधत बसले. फोन थांबतो, वळतो, दिशा बदलते, एवढी मोठी घटना. आलेखात तिची खूणसुद्धा नाही. चढताना आणि उतरताना रेघ अगदी एकसारखी. मधोमध अंतर मोजून तेवढा अंदाज करायचा. फोन गरगरला तर रेघ शून्यापासून किंचित उचलली जाते, कारण संवेदक फिरण्याच्या मध्यावर नसतो आणि त्याला वर्तुळात फिरत ठेवायला फोनच्या कवचाला तो आत ओढावा लागतो. शेवटी झेलण्याचा उंचवटा. ताठ हाताने झेलला तर सुळका, हात खाली घेत घेत झेलला तर बुटका आणि रुंद. झेललाच नाही आणि गादीवर पडू दिला, तर एका उंचवट्यामागे आणखी दोन-तीन लहान उंचवटे येतात, कारण फोन गादीवर उसळत असतो, आणि प्रत्येक दोन उंचवट्यांच्या मधे रेघ परत शून्याशी जाऊन बसते.